आठ लाखांचं काय करू?

प्रश्न : नमस्कार डॉक्टर. मी एसटीतून वाहतूक नियंत्रक म्हणून निवृत्त झालो, मिरजेत राहतो. २०१३ साली माझा नातू अकरा महिन्यांचा असताना गेला. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी, म्हणजे एसएमए. आधी पाय हलवायचा बंद झाला, मग मान धरेना, मग दूध गिळेना. डॉक्टर म्हणाले, औषध नाही, घरी न्या. आता त्याच आजाराच्या बाळांसाठी सोळा कोटींच्या इंजेक्शनची आवाहनं व्हॉट्सॲपवर येतात. माझ्याकडे आठ लाख रुपये बाजूला ठेवलेले आहेत. घरचे म्हणतात, देवस्थानाला अन्नदानासाठी द्या. मला ते संशोधनाला द्यायचे आहेत. पण सोळा कोटींपुढे आठ लाख म्हणजे दर्यात खसखस. द्यावेत का? आणि कुठे?

उत्तर : तुमचं पत्र आल्यापासून टेबलावर समोरच आहे. मी रुग्ण तपासणारी डॉक्टर नाही. तीस वर्षं कोंबडीच्या अंड्यातल्या गर्भाचा मज्जारज्जू बघत आले. एसएमएमध्ये ज्या पेशी मरतात, त्या मुळात जन्मतात कशा आणि त्यांचा धागा नेमक्या स्नायूपर्यंत पोचतो कसा, एवढाच माझा विषय.

आधी अवघड गोष्ट सांगते. २०१३ मध्ये डॉक्टर तुम्हाला म्हणाले ते खरं होतं, औषध बाजारात नव्हतं. पण ज्याचं पुढे औषध झालं, त्याच्या चाचण्या तेव्हा अमेरिकेत मोजक्या मुलांवर सुरू झाल्या होत्या. ते मंजूर झालं २३ डिसेंबर २०१६ ला. वाचून त्रास होईल हे कळतं मला. तरी लिहिते, कारण हे औषध कुणाच्या पैशातून, किती वर्षांत आणि कुठे कुठे अडत आलं, त्यातच तुमच्या आठ लाखांचं उत्तर आहे.

एसएमएचं जनुक १९९५ साली पॅरिसमध्ये ज्युडिथ मेल्की यांच्या गटाला सापडलं. त्याचं नाव एसएमएन-१. त्याच्या शेजारीच जवळजवळ तसंच दुसरं जनुक असतं, एसएमएन-२. पहिलं बिघडलं तर दुसऱ्याने काम भागवायला हवं, पण भागत नाही. कारण त्यात एका अक्षराचा फरक आहे. त्या एका अक्षरामुळे जनुकाचा निरोप, म्हणजे प्रथिन बनवायची सूचना, तुकड्यातुकड्यांनी जोडला जाताना सातवा तुकडा बहुतेक वेळा गळतो. तुम्हाला तुमच्या खात्यातलंच उदाहरण देते. गाडी रोज सुटते, सगळे थांबे घेते, फक्त सातव्या थांब्यावर थांबत नाही. आणि नेमका तिथलाच प्रवासी पोचणं गरजेचं असतं.

थांबे कसे ठरतात याचा अभ्यास न्यूयॉर्कजवळच्या कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेत एड्रियन क्रेनर अनेक वर्षं करत होते. त्यांच्यासमोर कुठलंही आजारी बाळ नव्हतं. पेशी निरोप कसा जोडते, एवढंच कुतूहल. १९९९ मध्ये अमेरिकी सरकारच्या आरोग्य संस्थेने, एनआयएचने, एसएमएवर एक बैठक बोलावली आणि तिथे हा आजार त्यांच्यासमोर आला. दुसरीकडे मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात रवींद्र सिंग या भारतीय शास्त्रज्ञाने २००६ मध्ये दाखवून दिलं, की सातव्या थांब्याच्या थोडं पुढे ‘इथे थांबू नका’ असा जणू फलकच लावलेला आहे. तो फलक झाकला तर गाडी थांबते. औषधाचं काम एवढंच : फलक झाकणं. पाठीच्या मणक्यातून टोचायचं हे औषध म्हणजे नुसिनर्सेन.

आता पैशाचं. सिंग यांच्या त्या कामाला सुरुवातीच्या काळात ज्यांनी मदत दिली, त्यांत एसएमए झालेल्या मुलांच्या पालकांची संघटना होती. १९८४ साली सुरू झालेली. जनुक सापडायच्याही अकरा वर्षं आधी! मुलं जात होती, आणि ही माणसं जमेल तसा पैसा उभा करून नवख्या संशोधकांच्या हातात देत होती. सरकारी संस्था मोठी रक्कम देते, पण आधी पुरावा मागते. तो पहिला पुरावा गोळा करायला छोटी रक्कम लागते, आणि ती बहुतेक वेळा कुणाकडेच नसते. दर्यात खसखस म्हणता ना तुम्ही, ती खसखस नेमकी इथे पडते.

सोळा कोटी हा आकडा जनुकोपचाराच्या, म्हणजे चांगलं जनुक पेशीत पोचवणाऱ्या इंजेक्शनचा. २०१९ मध्ये अमेरिकेत त्याची किंमत २१ लाख २५ हजार डॉलर जाहीर झाली. ती कंपनीने लावलेली विक्रीची किंमत आहे. एका प्रयोगशाळेला पुढच्या प्रश्नापर्यंत पोचायला लागणारा पैसा ही फार वेगळी आणि फार लहान गोष्ट आहे. त्या इंजेक्शनात जनुक वाहून नेणारा विषाणू १९६५ साली दुसऱ्याच एका विषाणूच्या नमुन्यात भेसळ म्हणून सापडला होता. त्याचा माणसाला काही त्रास होत नाही, म्हणून त्यात फारसा कुणाला रसही नव्हता. तरी काही जण त्याच्यावर काम करत राहिले. आणि किंमत कायम तीच राहते असंही नाही. रिसडिप्लाम हे एसएमएचं तोंडाने घ्यायचं औषध. आपल्याकडे त्याची एक बाटली सहा लाखांच्या आसपास होती. २०२५ च्या ऑक्टोबरमध्ये न्यायालयीन लढाईनंतर भारतीय कंपनीचं औषध आलं, १५,९०० रुपयांना.

म्हणजे संशोधन संपलं का? नाही. नुसिनर्सेनच्या एका अभ्यासात २५ बाळांना लक्षणं दिसायच्या आत, जन्मानंतर सहा आठवड्यांच्या आत औषध सुरू केलं. २०१९ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा पंचवीसच्या पंचवीस बाळं जिवंत होती आणि २२ स्वतःच्या पायांनी चालत होती. उशिरा सुरू केलेल्या मुलांना हे मिळत नाही. २०२१ मध्ये जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातल्या शार्लट समनर यांच्या गटाने दाखवलं, की गंभीर एसएमएमध्ये चेतातंतूंची वाढ आईच्या पोटातच अडखळलेली असते. तेव्हा बाळ जन्मताच तपासणी कशी करायची, ती आपल्या जिल्हा रुग्णालयात कशी परवडेल, कुठल्या मुलाला किती औषध पुरेल, हे सगळे प्रश्न आजचे आहेत आणि ते इथेच, आपल्या मुलांवर अभ्यासावे लागतील.

आता माझ्या अनुभवातलं सांगते, कारण पैसे कुठे द्यावेत याबद्दलचं माझं मत तिथूनच आलंय. २०१२ मध्ये माझ्या प्रकल्पात दोन जेआरएफ, म्हणजे विद्यावेतनावर काम करणाऱ्या कनिष्ठ संशोधक, होत्या. जेआरएफला तेव्हा महिना १६ हजार मिळायचे. दुसऱ्या वर्षाचा हप्ता सात महिने आला नाही. आम्ही यूसी, म्हणजे खर्चाचं उपयोगिता प्रमाणपत्र, वेळेत पाठवलं होतं. एका शीर्षाखालचा आकडा दुसऱ्याखाली गेलाय म्हणून ते परत आलं, पुन्हा पाठवलं, पुन्हा बसून राहिलं. मी फोन करायची, तिकडून उत्तर यायचं, ‘फाइल पुट अप झाली आहे.’ दोघींतली एक लातूरकडची होती. पंचावन्न तासांच्या गर्भाच्या मज्जानलिकेत, म्हणजे मेंदू आणि मज्जारज्जू ज्यातून होतात त्या नळीत, ती काचेची सुई घालायची आणि रंगाचा एक थेंब बाहेर सांडायचा नाही. ती नलिका केसाएवढी असते. तो हात बसायला तिला दीड वर्ष लागलं होतं. चार महिने तिने मैत्रिणीच्या डब्यात भागवलं. पाचव्या महिन्यात एका कोचिंग क्लासमध्ये शिकवायची नोकरी धरली. मी तिला अडवू शकले नाही, अडवायचा मला हक्कही नव्हता. हप्ता आला तेव्हा मार्च उजाडला होता आणि तो खर्च करायला एकतीस तारखेपर्यंतची मुदत होती. रसायनं घेता आली. ती मुलगी परत आणता आली नाही. अंड्यांचे नंबर, तास, तापमान लिहिलेली तिची निळी वही माझ्या कपाटात आहे.

म्हणून माझा सल्ला असा. नातवाच्या नावाने पुरस्कार ठेवू नका. आपल्याकडे ती रीत आहे, मुद्दल बँकेत आणि व्याजातून दरवर्षी शाल, श्रीफळ, पाकीट. त्याने सत्कार होतो, पण प्रयोगाला त्याचा उपयोग नाही. मुद्दलच खर्च होऊ द्या. आज जेआरएफला महिना ३७ हजार मिळतात. घरभाडं भत्ता सोडला तर आठ लाखांत एक मुलगा किंवा मुलगी एकवीस महिने तगते. त्याहून चांगलं म्हणजे हा पैसा ‘हप्ता लांबला तर विद्यावेतन यातून द्यावं, हप्ता आला की परत भरावं’ अशा अटीवर द्या. मग तोच पैसा फिरत राहील. मुलांच्या मज्जासंस्थेच्या आजारांवर किंवा घडणाऱ्या मज्जासंस्थेवर काम करणाऱ्या सार्वजनिक संस्थेला लिहा : बंगळुरूची निमहान्स, पुण्याची आयसर, मुंबईची टीआयएफआर. रुग्णांजवळचं काम हवं असेल तर मुंबईचं केईएम रुग्णालय दुर्मीळ आजारांच्या सरकारी धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. संचालकांच्या नावे साधं पत्र लिहा, अट स्पष्ट मांडा, अट लेखी मान्य झाल्यावरच रक्कम द्या, आणि दरवर्षी हिशेबाचं एक पान मागून घ्या. संकोच करू नका, हिशेब मागणारा दाता संस्थेला चांगलाच असतो.

आणखी एक मागणं आहे, पैशाचं नाही. नातवाची फाइल ठेवली असेल तर तीही त्याच संस्थेला दाखवा. पाय हलवणं कधी थांबलं, मान कधी सुटली, दूध कधी बंद झालं, या तारखा तुमच्या पत्रात ज्या क्रमाने आल्या आहेत, त्याच क्रमाने संशोधकाला हव्या असतात. जनुकोपचाराची पहिली चाचणी फक्त १५ बाळांवर झाली, आणि औषधाने फरक पडला हे ठरवायला त्यांची तुलना औषध न मिळालेल्या मुलांच्या जुन्या नोंदींशी केली गेली. त्या नोंदींतली बहुतेक मुलं वाचली नव्हती, किंवा श्वासासाठी यंत्रावर होती. त्यांच्या आईवडिलांनी नोंदी दिल्या होत्या.

घरातल्यांना दुखवू नका. अन्नदान करायचंच असेल तर थोडं करा, मन शांत राहील. आणि नातवाच्या आईवडिलांना पुढे मूल हवं असेल, तर आधी जनुक तपासणी आणि समुपदेशन करून घ्यायला सांगा. दोघं वाहक असतील, म्हणजे स्वतःला आजार नसून बिघडलेलं जनुक जवळ असेल, तर प्रत्येक खेपेला बाळाला हा आजार होण्याची चारात एक एवढी शक्यता असते.

प्रश्न : ताई, मी बुलढाणा जिल्ह्यात आशा स्वयंसेविका आहे. नवीन लग्न झालेल्या मुलींना आम्ही दिवस राहायच्या आधीच फॉलिक ॲसिडची गोळी सुरू करायला सांगतो. सासवा विचारतात, पोटात काही नाही तर गोळी कशाला? मला नीट सांगता येत नाही.

उत्तर : त्यांना असं सांगा. बाळाची पाठ आणि मेंदू ज्यातून होतात ती नळी गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत मिटते. तोवर सुनेची पाळी जेमतेम दोन आठवडे चुकलेली असते, कित्येकींना शंकाही आलेली नसते. नळी खाली उघडी राहिली तर बाळ पाठीवर गाठ घेऊन जन्मतं, वर उघडी राहिली तर डोकंच पुरतं बनत नाही. दिवस गेल्याचं कळल्यावर गोळी दिली तर नळीचं काम होऊन गेलेलं असतं.

हे कळलं कसं, तेही सांगण्यासारखं आहे. ब्रिटनच्या मेडिकल रिसर्च कौन्सिलने, म्हणजे सरकारी पैशाने, सात देशांतल्या ३३ केंद्रांत एक चाचणी घेतली. आधी असं बाळ झालेल्या १,८१७ बायका त्यात होत्या. १९९१ मध्ये ती मधेच थांबवावी लागली, कारण उत्तर उघड झालं होतं. नळीचा दोष असलेली २७ बाळं झाली, त्यांतली २१ फॉलिक ॲसिड न मिळालेल्या बायकांची आणि ६ मिळालेल्यांची. धोका ७२ टक्क्यांनी कमी. ही गोळी पैशांत मोजायची, तिच्यावर कुणाला नफा नाही, त्यामुळे कुठली कंपनी एवढी मोठी चाचणी करणार होती? असल्या कामाला सरकारचाच पैसा लागतो, आणि मला विचाराल तर सरकारने आजवर संशोधनावर केलेल्या सर्वांत चांगल्या खर्चांपैकी हा एक आहे.

एक खबरदारी. ज्या बाईला आधी असं बाळ झालंय तिला नेहमीपेक्षा बरीच मोठी मात्रा लागते. तिला गोळी तुम्ही ठरवू नका, डॉक्टरांकडे न्या.

प्रश्न : मॅडम, मी नांदेडला प्राणिशास्त्रात एमएस्सी करतोय. मला मेंदू घडतो कसा यावर काम करायचं आहे. सर म्हणतात, आजाराचं नाव घातल्याशिवाय कुणी ग्रँट देत नाही, कोंबडी-उंदरांत वेळ घालवू नकोस. आमच्या कॉलेजात सूक्ष्मदर्शक सोडून काही नाही. काय करू?

उत्तर : सरांचा मुद्दा पोटतिडकीचा आहे, आणि पैशाची चणचण खरी आहे. आपला देश संशोधनावर एकूण उत्पन्नाच्या ०.६४ टक्के खर्च करतो. २०२३ च्या कायद्याने संशोधनाला पैसा देणारं अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान आलं, पाच वर्षांत ५० हजार कोटींचं बोललं गेलं, पण त्यातले ३६ हजार कोटी सरकारबाहेरून यायचे आहेत. तरीही सरांचं शेवटचं वाक्य मला मान्य नाही.

रेट सिंड्रोम नावाचा आजार आहे. मुलगी वर्षभर नीट वाढते, मग शिकलेले शब्द जातात, हातात वस्तू धरणं जातं, आणि ती दिवसभर हात चोळत राहते. ह्यूस्टनच्या हुडा झोग्बी यांनी अशी पहिली मुलगी १९८३ मध्ये पाहिली. कारण सापडायला १९९९ उजाडलं : एमईसीपी-२ हे जनुक. आणि या जनुकाचं प्रथिन आधीच माहीत होतं! एडिनबरोच्या एड्रियन बर्ड यांच्या गटाने ते १९९२ मध्ये वेगळं केलं होतं, डीएनएवरच्या रासायनिक खुणा कोण वाचतं हे शोधताना. त्यांच्या अर्जात कुठल्याही मुलीचा आजार नव्हता. पुढे २००७ मध्ये त्यांच्याच गटाने उंदरांत ते जनुक आधी बंद ठेवलं, लक्षणं येऊ दिली, मग चालू केलं, आणि मोठ्या झालेल्या उंदरांची लक्षणं मागे फिरली. घडताना बिघडलेला मेंदू कायमचा गेला, हा समज त्या प्रयोगाने हलवला. इतकी मोठी गोष्ट मी माझ्या कारकिर्दीत फार थोड्या वेळा वाचली.

आपल्याकडचंच नाव हवं तर शुभा टोळे. मुंबईत झेवियर्सला शिकल्या, टीआयएफआरमध्ये प्रयोगशाळा उभी केली. उंदराच्या गर्भात एलएचएक्स-२ हे जनुक मेंदूच्या काही भागांत नसेल, तर त्यांच्या शेजारी स्मृतीशी संबंधित असलेला हिप्पोकॅम्पस जास्तीचा तयार होतो, हे २००८ मध्ये त्यांच्या गटाने दाखवलं. सुरुवातीचा प्रश्न एवढाच होता, की पेशीला आपण कोण व्हायचं हे कसं कळतं.

आणि सरांना हा आकडा दाखव. अमेरिकेत मेंदूच्या आजारांना पैसा देणारी सरकारी संस्था आहे, एनआयएनडीएस. तिच्या तेव्हाच्या संचालक स्टोरी लँडिस यांनी २०१४ मध्ये स्वतः जाहीर केलं, की निव्वळ मूलभूत संशोधनाचा वाटा १९९७ मधल्या ५२ टक्क्यांवरून २०१२ मध्ये २७ टक्क्यांवर आला. कारण शोधलं तेव्हा कळलं, की मूलभूत अर्ज नाकारले जात नव्हते, ते येतच नव्हते. आजाराशिवाय पैसा मिळत नाही असं ऐकून संशोधकांनीच लिहिणं सोडलं होतं. तुझ्या कॉलेजात आत्ता तेच होतंय. अर्जात खोटा आजार घालू नकोस. तुझा प्रश्न जिथे खरोखर आजाराला भिडतो तिथे एक परिच्छेद लिही, बाकी प्रश्न सरळ मांड.

सूक्ष्मदर्शक आहे ना, मग सुरुवात होते. कोंबडा असलेल्या खुराड्यातली गावरान अंडी आण, दुकानातली चालत नाहीत, ती फळलेली नसतात. अंडी आडवी ठेवून ३८ अंशांवर चाळीस तास उबव, म्हणजे गर्भ वरच्या बाजूला येतो. जाड सुईने बोथट टोकाकडून दोन-तीन मिलिलिटर पांढरा बलक काढून घे, गर्भ कवचापासून खाली बसतो. मग वाकड्या कात्रीने वर खिडकी काप. काही दिसणार नाही, पिवळ्यावर पारदर्शक. चित्रकलेची काळी शाई मिठाच्या पाण्यात दहापट पातळ करून गर्भाच्या खाली किंचित सोड. काळ्यावर मज्जानलिका पांढऱ्या रेघेसारखी उठते, दोन्ही बाजूंना चौकोनी ठिपक्यांच्या जोड्या दिसतात आणि शेजारी हृदय हलायला लागलेलं असतं. रोज त्याच वेळेला चित्र काढ, तास लिही. खिडकीवर पारदर्शक टेप लावताना सगळ्या कडा बोटाने दाबून घे. एक कड जरी उघडी राहिली तरी दुसऱ्या दिवशी गर्भ सुकलेला सापडतो.